व्हीलचेअरवरील काकांना घेऊन थीम पार्कला जाण्याबाबत

मुळाकाठ

नमस्कार. माझे थोरले काका ७८ वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि तेव्हापासून डाव्या हातापायात पुरेशी ताकद उरलेली नाही. आधार धरून ते मिनिटभर उभे राहतात, दोन-चार पावले टाकतात, पण त्यापुढे व्हीलचेअर लागते. बोलणे स्पष्ट आहे आणि स्मरणशक्ती तर आम्हा सर्वांपेक्षा चांगली आहे. काकू गेल्यापासून ते पुण्यात सांगवीला आमच्याकडेच राहतात.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नागपूरहून भाचेमंडळी येत आहेत आणि मुलांनी खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाण्याचा हट्ट धरला आहे. घरात आधी असे ठरत होते की, काकांपाशी कोणीतरी एकाने थांबावे आणि बाकीच्यांनी जावे. गेल्या चार वर्षांत प्रत्येक सहलीच्या वेळी हेच झाले आहे, म्हणून या वेळी मी स्पष्ट सांगितले की काका येणार असतील तरच मी येईन. आता ही जबाबदारी माझ्यावर आली आहे आणि तिचा अंदाज मला नाही, हे खरे.

सध्याचा बेत असा आहे. सकाळी लवकर निघायचे, तिथे पोहोचल्यावर चांगली सावलीची जागा पाहून काकांना बसवायचे आणि मोठ्यांपैकी एकेकाने आळीपाळीने त्यांच्यापाशी थांबायचे. काकांची घरातली खुर्ची स्टीलची घडीची आहे, तिचे वजन १७ किलो भरते. आम्ही सात जण आहोत, म्हणून भाड्याची मोठी गाडी करणार आहोत. प्रवास, स्वच्छतागृह, ऊन, औषधांच्या वेळा आणि त्यांना एखाद्या राइडमध्ये बसवता येईल का, यांबाबत ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

आंबेगावकर

गाडी ठरवताना सर्वांत आधी एक गोष्ट विचारा, ती म्हणजे मागे सीएनजीची टाकी आहे का. आईला घेऊन निघालो तेव्हा आम्ही हे विचारले नव्हते. गाडी दारात आली, डिकी उघडली, तर टाकीने सगळी जागा व्यापलेली होती आणि खुर्ची कुठेही मावेना. शेवटी ती टपावर दोरीने बांधली आणि संपूर्ण घाट उतरेपर्यंत माझे लक्ष त्या दोरीकडे होते. सात माणसे आणि खुर्ची असा हिशेब असेल तर डिझेलची मोठी गाडी घ्या किंवा टपावर पक्का कॅरिअर असलेली मागवा. आणि चालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की चढण्या-उतरण्याला वेळ लागेल, म्हणजे तो ऐनवेळी घाई करत नाही.

दुसरे म्हणजे, पहिल्याच खेपेला इतक्या लांब जाण्यापूर्वी जवळच एक अर्धा दिवस काढून पाहावा असे मला वाटते. आमच्या आंबेगाव बुद्रुकला बाबासाहेब पुरंदरे यांच्या संकल्पनेतील शिवसृष्टी आहे. तिच्यातील सरकारवाडा १९ फेब्रुवारी २०२३ रोजी खुला झाला. तिथले बरेचसे पाहणे दालनांच्या आत असल्याने उन्हाचा प्रश्न येत नाही. कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आहेत, मात्र बुधवारी ते बंद असते. दोन्हीकडे आधी फोन करून व्हीलचेअरबद्दल विचारून घ्या. घराजवळ तीन तासांत जे शिकायला मिळते ते खोपोलीला पोहोचल्यावर शिकण्याची वेळ येऊ नये.

फिजिओ_कर्वेनगर

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत पक्षाघाताचे रुग्ण बरेच असतात. काकांना प्रत्यक्ष पाहिलेले नाही, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच पुढे जा, पण काही गोष्टी सर्वांनाच लागू होतात.

खुर्चीतून गाडीत किंवा राइडच्या आसनावर बसवताना घरची माणसे हमखास काखेत हात घालून उचलतात. पक्षाघात झालेल्या बाजूचा खांदा सैल झालेला असतो आणि अशा ओढण्याने तो निखळू शकतो. काखेत किंवा दंडाला धरू नका. कमरेला रुंद पट्टा बांधा आणि तो धरा. खुर्ची नेहमी चांगल्या बाजूने जवळ आणा, म्हणजे तुमच्या काकांच्या बाबतीत ज्या आसनावर जायचे ते त्यांच्या उजव्या हाताला यायला हवे. खुर्ची किंचित तिरकी लावा, दोन्ही ब्रेक लावा, पायठेवणी वर उचला, काकांना आसनाच्या पुढच्या कडेवर सरकू द्या आणि मग त्यांना स्वतः उठू द्या. आपण फक्त तोल सांभाळायचा. दहा दिवस घरी रोज दोनदा हा सराव करा आणि जी दोन माणसे त्या दिवशी हे करणार आहेत त्यांनीच करा.

उतारावरून नेताना खुर्ची उलटी फिरवा. म्हणजे आपली पाठ उताराकडे आणि काकांचे तोंड चढाकडे ठेवून सावकाश मागे मागे उतरायचे. सरळ उतरवल्यास माणूस पुढे घसरतो. पुढची लहान चाके पेव्हर ब्लॉकच्या फटीत किंवा गटाराच्या जाळीत अडकतात आणि खुर्ची जागीच थांबते, त्यामुळे बसलेला माणूस तोंडावर पडू शकतो. जाळी दिसली की खुर्ची मागे कलवून पुढची चाके उचला किंवा उलटे जा. म्हणून खुर्चीत बसवल्यावरही पट्टा लावायला संकोच बाळगू नका.

राइडबद्दल. काका रक्त पातळ होण्याची गोळी घेत असतील, आणि पक्षाघातानंतर बरेच जण घेतात, तर झटके देणाऱ्या प्रत्येक राइडला सरळ नकार द्या. डोक्याला लागलेला साधा मारही अशा वेळी गंभीर ठरू शकतो. हाडे ठिसूळ झालेली असतील, मानेचा किंवा हृदयाचा त्रास असेल तरीही तेच. संथ, न हेलकावणाऱ्या राइडला हरकत नसावी, पण तिथेही एका हाताने घट्ट धरता येते का हे पाहावे लागेल.

आणि पाण्याबद्दल आवर्जून सांगते. लघवीला जावे लागू नये म्हणून वडीलधारी माणसे सहलीच्या दिवशी पाणीच पीत नाहीत आणि लघवी वाढवणारी गोळी असेल तर तीही मनानेच टाळतात. घाट उतरला की हवा दमट होते, जानेवारीतही दुपारी घाम येतो. गोळीची वेळ बदलायची असेल तर ते डॉक्टरांनी ठरवावे. पाणी मात्र कमी करू देऊ नका. दर अर्ध्या तासाने त्यांना आसनावर थोडे वजन हलवायला सांगा, कारण दिवसभर एकाच ठिकाणी बसून राहिल्याने त्वचेला इजा होते आणि या वयात ती लवकर भरून येत नाही.

सिंहगड_रोड

माझे मत वेगळे आहे आणि ते स्पष्टपणे मांडतो. माझे वडीलही व्हीलचेअरवर आहेत. त्यांना मी अशा गर्दीच्या ठिकाणी नेत नाही. दीड-दोन तासांचा प्रवास, ऊन, रांगा, कानठळ्या बसवणारा आवाज आणि ज्या ठिकाणी त्यांना करण्यासारखे काहीही नाही तिथे सहा तास बसणे, यातून त्यांना काय मिळणार? मुलांना आनंद व्हावा म्हणून म्हाताऱ्या माणसाला त्रास द्यावा का, याचा विचार व्हावा. त्यापेक्षा संध्याकाळी जवळच्या बागेत न्यावे.

चाकांवरची

मी अकरा वर्षांपासून व्हीलचेअर वापरते, त्यामुळे या धाग्यावर खुर्ची ढकलणाऱ्यांच्या नव्हे तर खुर्चीत बसणाऱ्यांच्या बाजूने लिहिते आहे.

मुळाकाठ, तुमचा लेख मी दोनदा वाचला. काकांचे वय, आजार, खुर्चीचे वजन, सगळे त्यात आहे. काकांना तिथे काय पाहायचे आहे हे मात्र त्यात कुठेही नाही. सिंहगड_रोड यांच्या प्रतिसादातही वडिलांना काय वाटते हे नाही. दोघांचीही काळजी खरी आहे, हे मला दिसते. पण एकाने न विचारता न्यायचे ठरवले आणि दुसऱ्याने न विचारता न नेण्याचे ठरवले. सावलीत बसवलेल्या माणसाचा अनुभव मी घेतला आहे. सगळे जण ‘तू इथे छान बसली आहेस ना’ असे विचारून पुढे जातात, त्यांच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या माझ्याभोवती जमा होतात आणि दोन तासांनी मी सामानाची राखणदार झालेली असते. काकांना आज विचारा. ‘येणार का’ एवढेच नको, ‘तिथे काय बघायचे’ असेही विचारा.

आता व्यवहाराचे. फोन करताना ‘व्हीलचेअरची सोय आहे का’ असा प्रश्न विचारू नका, कारण उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी किती, दार बाहेरच्या बाजूला उघडते का, आत खुर्ची वळते का, कमोडच्या बाजूला धरायला दांडा आहे का, असे विचारा. दार ९० सेंटिमीटर आणि आत वळायला दीड मीटरची मोकळी जागा, एवढे सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत आहेच. उताराचे प्रमाण एकास बारा असते, म्हणजे एक फुटाच्या पायरीसाठी बारा फुटांचा उतार लागतो. चार फुटांची फळी टाकून त्याला रॅम्प म्हणणारे पुष्कळ आहेत.

एका उद्यानात, नाव लिहीत नाही, दारावर खुर्चीचे चित्र असलेले स्वच्छतागृह मला सापडले. कुलूप होते. किल्ली असलेला माणूस जेवायला गेला होता. वीस मिनिटांनी दार उघडले तेव्हा आत फडकी, बादल्या आणि मोडक्या खुर्च्या भरलेल्या होत्या. त्या दिवशी मी रडले नाही, पण घरी परतेपर्यंत कोणाशी बोललेही नाही. म्हणून आत शिरल्याबरोबर, गरज नसताना, पहिल्या तासातच स्वच्छतागृह स्वतः जाऊन पाहून या.

कायद्याचेही माहीत असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्यातील सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत करमणुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या खाजगी इमारतीही येतात. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतूडी यांच्या प्रकरणात असे म्हटले की, सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता यावे यासाठीचे, नियम केवळ शिफारशींसारखे असून चालणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत. त्यामुळे दाराशी विनंती करताना आपण उपकार मागत नाही.

राइडच्या बाबतीत मात्र एक नकार मी मान्य करते. मधेच राइड बंद पडली तर लोकांना अरुंद शिडीने किंवा जिन्याने उतरवावे लागते. ज्याला तसे उतरता येत नाही त्याला न बसवण्याचे कारण खरे आहे. हे कारण समोर उभे राहून, माझ्याकडे पाहून सांगितले तर मला वाईट वाटत नाही. माझ्या मागे उभ्या असलेल्या भावाला सांगितले तर वाटते.

मुळाकाठ

चाकांवरची ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी लगेच काकांच्या खोलीत गेले. मी त्यांना विचारलेच नव्हते, हे कबूल करते.

काकांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ३५ वर्षे फिटर म्हणून नोकरी केली. मी विचारल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “मला ती रोलर कोस्टर बघायची आहे. बसायचं नाही, बघायची आहे. एवढं वजन साखळीनं वर चढतं, मग मधेच साखळी तुटली तर गाडी मागे का येत नाही, ते मला जवळून बघायचंय. टीव्हीवर कधी नीट दाखवत नाहीत.” सावलीत बसण्याविषयी विचारले तेव्हा म्हणाले, “सावली काय, घरीपण आहे.”

त्यामुळे संपूर्ण बेत बदलावा लागणार आहे. पट्टा आणला आहे आणि भाऊ व मी आजपासून सराव सुरू करत आहोत.

आंबेगावकर

वा. काकांना माझा नमस्कार सांगा. जाऊन आल्यावर इथे अवश्य लिहा.

मुळाकाठ

काल जाऊन आलो, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मंगळवार निवडला होता. गाडी डिझेलची मिळाली, खुर्ची मागे आडवी बसली. काकांना पुढे चालकाशेजारी बसवले. द्रुतगती मार्गावर एका ठिकाणी थांबलो, तिथल्या स्वच्छतागृहाला एक पायरी होती आणि भावाने खुर्ची कलवून ती पार केली. सरावाचा उपयोग तिथेच कळला, कारण काका घाबरले नाहीत. फिजिओ ताईंचे शब्द आठवून पाणी थोडे थोडे देत राहिलो. गोळीची वेळ डॉक्टरांनी एका दिवसापुरती बदलून दिली होती.

आत गेल्यावर आधी स्वच्छतागृह पाहून घेतले आणि मग सरळ नायट्रो या रोलर कोस्टरकडे गेलो. मुले पळत पुढे गेली. आम्ही चढाच्या जवळ, जिथून साखळीचा भाग दिसत होता अशा जागी खुर्ची लावली आणि ब्रेक लावले. काकांनी चष्मा पुसला आणि पहिली गाडी वर जाईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. खट खट खट असा आवाज येत होता. मला तो आवाज फक्त भीतिदायक वाटला होता. दुसरी गाडी चढू लागली तेव्हा त्यांनी उजवा हात वर केला आणि म्हणाले, “ऐक. हा साखळीचा आवाज नाही. रॅचेट आहे.” मग त्यांनी समजावले की, चढाच्या बाजूने करवतीसारख्या दात्यांची पट्टी असते आणि गाडीच्या खाली एक खटका लोंबत असतो. गाडी वर सरकते तसा तो खटका एकेका दात्यावरून पुढे पडतो आणि तोच हा आवाज. साखळी तुटली तरी खटका दात्यात अडकणार आणि गाडी तिथेच उभी राहणार.

तोवर मोठा भाचा राइड करून परत आला होता, चेहरा पांढरा पडलेला. काकांनी त्याला शेजारी उकिडवे बसायला लावले आणि विचारले की, माथ्यावरून सुटल्यानंतर गाडीला कोणते इंजिन ढकलत होते. तो म्हणाला, मोठे असणार, कारण ताशी १०५ किलोमीटर वेग आहे. काका म्हणाले, एकही नाही. सुमारे ४० मीटर उंचीवर नेऊन ठेवली, तेवढेच तिचे इंधन. पुढचे सगळे वळसे त्या एका चढाच्या कमाईवर. मग चाकांकडे बोट दाखवून म्हणाले की, रुळाच्या वर एक, बाजूला एक आणि खाली एक अशी तीन प्रकारची चाके आहेत, म्हणून उलटी झाली तरी गाडी रूळ सोडत नाही. बाजूला रांगेत उभी असलेली दोन अनोळखी मुलेही ऐकायला आली. त्यांतल्या एकाने काकांना विचारले, “आजोबा, तुम्ही इथे काम करता का?” काकांनी ‘नाही’ म्हणताना जो चेहरा केला तो मी पुष्कळ दिवसांनी पाहिला.

आम्ही तिथे एक तास दहा मिनिटे होतो. माझ्या मूळ बेतात या जागेला पाच मिनिटेही नव्हती.

दुपारी पायठेवणीचा स्क्रू ढिला होऊन पाय खाली घासू लागला. मी कोणाला विचारावे या विचारात असताना काकांनी आपल्या पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला पाना काढला. सकाळी निघताना त्यांनी तो गुपचूप ठेवला होता. भावाने पायठेवणी धरली आणि काकांनी उजव्या हाताने स्क्रू आवळला.

राइडमध्ये त्यांना बसवले नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे आणि त्यांनाही इच्छा नव्हती. जेवणानंतर ते खुर्चीतच अर्धा तास झोपले, तेव्हा मात्र सावली शोधली. संध्याकाळची मिरवणूक पाहायला थांबलो नाही, कारण तोपर्यंत ते दमले होते आणि त्यांनीच निघू या म्हणून सांगितले. मुलांनी थोडी कुरकूर केली. रात्री पाठ आणि बैठकीची त्वचा पाहिली, कुठेही लाली नव्हती. आज दिवसभर त्यांनी विश्रांती घेतली, डावा पाय थोडा सुजला होता, तो उंचावर ठेवल्यावर संध्याकाळी उतरला.

आमची एक चूक झाली, ती इतरांनी करू नये. खुर्ची भरीव रबरी टायरची असल्याने पेव्हर ब्लॉकवरून नेताना दिवसभर हादरे बसत होते. काकांनी तक्रार केली नाही, पण परतताना त्यांची कंबर धरली होती. हवेच्या टायरची खुर्ची पुण्यातूनच भाड्याने घ्यायला हवी होती.

सिंहगड_रोड

तुमचा वृत्तान्त वाचला. काल रात्री वडिलांना विचारले. त्यांना विमानतळाच्या बाहेर थांबून विमाने उतरताना पाहायची आहेत. हे त्यांनी मला कधी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. आमच्याकडची खुर्ची जुनी आहे, म्हणून तुम्ही म्हणता तशी हवेच्या टायरची भाड्याने घेईन. आसन किती इंची घ्यावे?

मुळाकाठ

वडील बसलेले असताना कमरेच्या सर्वांत रुंद भागाचे माप घ्या आणि त्यात दोन्ही बाजूंना मिळून साधारण दोन इंच वाढवा. काकांना अठरा इंची बसते. त्याहून रुंद घेतल्यास माणूस एका बाजूला कलतो आणि घराच्या दारातून खुर्ची जात नाही, म्हणून स्नानगृहाचे दारही मोजून ठेवा. दुकानात जाताना वडिलांना बरोबर न्या. ब्रेक त्यांच्या चांगल्या हाताला सहज लागतो का, हे त्यांनाच लावून पाहू द्या.